डायव्हर्सचा तिसरा गोलकीपर

सलीम,

परवा तुझ्या देऱ्यातल्या घरी आम्ही बायका आतल्या खोलीत बसलो होतो. पुरुषमंडळी तुला घेऊन नुकतीच अल कूजच्या कबरस्तानाकडे निघाली होती. खाली जिन्यात अजून पावलं वाजत होती. शेजारच्या फ्लॅटमधल्या एका हैदराबादी बाईंनी हळूच विचारलं, "मरहूम क्या काम करते थे?" कोणीतरी उत्तर दिलं, "मॉल में बच्चों को बर्फ पे चलना सिखाते थे." बाईंनी मान हलवली आणि पुन्हा तसबीहचे मणी ओढायला लागल्या. एवढ्यावर तुझं आटोपलं.

मला उठून सांगायचं होतं की हा माणूस एका व्यावसायिक आइस हॉकी टीमचा गोलकीपर होता. या शहराच्या टीमचा. पण तुझी बायको शबाना भिंतीला टेकून बसली होती, तिची नजर कुठेच नव्हती. तिथे माझं भाषण कुणाला हवं होतं? आणि सांगितलं असतं तरी पुढचा प्रश्न ठरलेलाच होता, "दुबई में? बर्फ की हॉकी?" हा प्रश्न तू जन्मभर ऐकलास. निदान त्या दिवशी तो तुझ्या घरात यायला नको होता.

म्हणून मी गप्प बसले. आणि घरी आल्यापासून गप्प बसवत नाहीये.

तुला आठवतं, मी डायव्हर्समध्ये आले तेव्हा मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. शिरीषच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून आलो, मुलगा शाळेत जायला लागला, आणि जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात 'टीम ॲडमिनिस्ट्रेटर' हवी आहे असं कळलं. मला वाटलं फुटबॉलची टीम असेल. इंटरव्ह्यूमध्ये खेळाडूंचे फोटो बघितले, तेव्हा पहिल्यांदा कळलं की या वाळूत कुणीतरी बर्फावरची हॉकी खेळतं आणि त्याचा पगार घेतं. दुबई पर्ल डायव्हर्स. मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारणाऱ्या इथल्या जुन्या लोकांवरून मालकांनी ठेवलेलं नाव. आपण सगळे नुसतं डायव्हर्स म्हणायचो.

पहिल्या दिवशी मी ऑफिसचे सँडल घालून बर्फाच्या रिंकवर आले. बाहेर रस्ता भाजत होता आणि आत माझे दात वाजत होते. मी आईशी फोनवर बोलत होते, "अगं, फ्रीजमध्ये उभी आहे असं समज." फोन ठेवला, तर पायांना गादीएवढे पॅड बांधलेला एक माणूस कठड्यापाशी येऊन थांबला. जाळीचा मुखवटा वर सारून म्हणाला, "मॅडम, मोजे घालून येत जा ओ. हितं मे महिन्यात पण पाय बधिर होतात."

मी दचकलेच. म्हटलं, "तुम्ही मराठी?"

"अब्बा रत्नागिरीचे. जैतापूरच्या खाडीवरचे," तू म्हणालास. "मी हितल्या देऱ्याचा."

तेव्हा मला तो फरक कळला नाही. एका अर्थानं तुझी सगळी गोष्ट त्या दोन वाक्यांत होती, पण मी फक्त मराठी ऐकून खूश झाले. पंचवीस-तीस माणसांच्या त्या गोतावळ्यात चेक होते, स्लोव्हाक होते, फिनलंडचा कोच होता, कॅनडाचे दोघं होते, दोन-तीन एमिराती पोरं होती. मराठी बोलणारे आपण दोघंच. महिन्याभरात मी 'मॅडम'ची 'ताई' झाले आणि तू 'तुम्ही'चा 'तू' झालास.

डायव्हर्सचा इतिहास मला तू सांगितलास. ऑफिसच्या वेबसाइटवर तो सुरू व्हायचा मालकांपासून, म्हणजे एका बिल्डर कंपनीनं क्लब विकत घेतला तिथपासून. तू म्हणायचास, "ते खोटं आहे ताई. आधी आम्ही होतो." आधी म्हणजे मॉल उघडायच्या आत, सकाळी, जेव्हा रिंक स्वस्तात मिळायची. कॅनेडियन इंजिनियर, एक रशियन दंतवैद्य, थंडीचं वेड असलेले दोन एमिराती भाऊ आणि त्यांच्यात तू, कॉलेज बुडवून आलेला. मोठं कुणीच गोलमध्ये उभं राहायला तयार नव्हतं. दगडासारखी टणक रबराची चकती, तिला पक म्हणतात, ती अंगावर घ्यायची कुणाला हौस असते? तू म्हणालास मी उभा राहतो. बस. पुढं कधी तू दुसरीकडे उभा राहिलाच नाहीस.

तुझ्या अब्बांचा धंदा मासळीबाजाराला बर्फ पुरवण्याचा. त्यांचं वाक्य तू मला त्यांच्याच आवाजात करून दाखवायचास, "मी सगळी जिंदगी बर्फ विकला, आनि माजा पोरगा त्याच्यावर घसरतोय." ते गेले तेव्हा तू हसत हसत मला म्हणालास की त्यांनी एकही मॅच पाहिली नाही. हसताना तू मुखवटा पुसत होतास, आणि तो पुसत राहिलास.

मी यायच्या थोडं आधी क्लब व्यावसायिक झाला. मध्य आशियातल्या शहरांच्या एका लीगमध्ये आपल्याला जागा मिळाली. नवा कोच आला, युरोपातून खेळाडू आले, आणि जुन्या सकाळच्या गँगला एक छान जेवण देऊन निरोप दिला. त्यातला फक्त तू राहिलास. पहिला गोलकीपर फिनलंडचा, दुसरा चेक, तिसरा तू. तिसरा म्हणजे काय ते तुला कुणी सांगावं लागलं नाही. सरावात शॉट अंगावर झेलायला एक माणूस जास्त लागतो. बाहेरगावी जाताना तिसऱ्याला नेतातच असं नाही. घरच्या मॅचला तिसरा बेंचवर नसतो, वर प्रेक्षकांत ब्लेझर घालून बसतो.

पण तुझ्या व्हिसावर कामाच्या जागी 'खेळाडू' लिहून आलं. ते काम मीच करून घेतलं होतं, त्यामुळे तू पासपोर्ट घेऊन सगळ्यांत आधी माझ्या टेबलापाशी आलास. "आजवर सेल्समन होतो, ताई. दहा वर्षं सेल्समन. ह्ये बघा." मग तू तो पासपोर्ट बिल्डिंगभर फिरवलास. वॉचमनलाही दाखवलास म्हणे.

मी तेव्हा विचारलं होतं, इतका चांगला आहेस तर इथल्या राष्ट्रीय टीममध्ये का नाहीस? माझ्यासारख्या नव्यानं आलेल्या बाईचा प्रश्न. तू शांतपणे सांगितलंस की त्यासाठी इथला पासपोर्ट लागतो, आणि देऱ्यात जन्मून तो मिळत नाही. मग भारताकडून? तिकडेही जाऊन आला होतास. लडाखला. तिथली पोरं गोठलेल्या तळ्यांवर खेळून मोठी झालेली. त्यांनी तुला मायेनं वागवलं, चहा पाजला, पण नियमात तू बसत नव्हतास, कारण तू भारतात कधी राहिलाच नव्हतास. "ती पोरं मला दुबईवाला म्हणायची. हितं मी इंडियन. गावाला गेलो की अरबवाला," तू बोटांवर मोजत म्हणालास. "डायव्हर्समदी तेवडं मला कोण काय म्हणत नाय. थर्टी म्हणतात. माझा नंबर."

कझाकस्तानातल्या अल्माटीची ती मॅच तू मला कितीदा सांगायला लावलीस! तू स्वतः खेळला होतास आणि तरी माझ्याकडून ऐकायचास. म्हणायचास, "मी मुखवट्यातनं बघितली, तुम्ही पूर्ण बघितली." आज शेवटचं सांगते.

पहिल्या गोलकीपरचा गुडघा दुबईतच गेला होता. म्हणून तुला न्यावं लागलं. आणि मॅचच्या सकाळी दुसरा, तो चेक पोरगा, तापानं फणफणला. डॉक्टर खोलीतून बाहेर आला, कोचनं माझ्याकडे बघितलं, मी तुझ्याकडे. तू नाश्त्याला उकडलेलं अंडं सोलत होतास. कोच म्हणाला, "सलीम, टुनाइट यू." तू ते अंडं तसंच बशीत ठेवलंस. कपाळाला घाम आला होता तुझ्या, बाहेर बर्फ पडत असताना.

पहिलाच शॉट आत गेला. माझ्यामागे बसलेले लोक हसले. त्यांना कळलं होतं की गोलमध्ये कोण आहे. मी डोळे मिटून घेतले. पण नंतर तू जे काही केलंस, ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. तुझी पद्धत सुंदर नव्हती, कोच म्हणायचा ते खरं होतं. तू लोळत होतास, पोटावर पडत होतास, एकदा तर मुखवट्यानं अडवलास. पण अडवत होतास. आपली पोरं जी सरावात तुझ्यावर मजेत शॉट मारायची, ती त्या दिवशी तुझ्यापुढे स्वतःला झोकून देत होती. दोन-दोन अशी बरोबरी झाली. मग अगदी शेवटी त्यांचा एक साधा शॉट आला, तू बरोबर जागेवर होतास, आणि तो आपल्याच एका खेळाडूच्या बुटावर आपटून दिशा बदलून आत गेला. तीन-दोन. हरलो.

ड्रेसिंग रूमबाहेरच्या बोळात तू भिंतीशी खाली बसला होतास. आपला कॅप्टन मारेक, तो उंच स्लोव्हाक, बाहेर आला, तुझ्या शेजारी जमिनीवर बसला, आणि त्यानं तुझ्या पायाचे पॅड सोडायला घेतले. एकेक पट्टा. कॅप्टन माणूस. मी लांब उभी राहिले. मग तू मला हाक मारलीस. मला वाटलं रडतोयस. तर तू म्हणालास, "ताई, हरलो. पण मी हरलो ना? माझ्या नावावर हरलो."

असा आनंद मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर बघितलेला नाही. खरंच नाही.

त्याच्या पुढच्याच हंगामात आपण सेमीफायनलला पोचलो. घरच्या मॅचला तू आपल्या मराठी मंडळातलं ढोल पथक घेऊन आलास. आयटीतल्या पोरी, बँकेतले काका, सगळे भगवे फेटे बांधून आइस रिंकमध्ये! सिक्युरिटीवाला म्हणाला, "नो ड्रम्स." तू त्याला मल्याळममध्ये काहीतरी सांगितलंस, मग अरबीत काहीतरी सांगितलंस, मग नुसतंच "यल्ला हबीबी, पाच मिनट" म्हणालास आणि पथक आत. पहिला गोल झाला तेव्हा छप्पर हललं. फिलिपिनो नर्सचा एक ग्रुप नाचायला लागला. शुभ्र पायघोळ कंदुऱ्यातले एक वयस्क एमिराती गृहस्थ काठी वर करून ढोलासमोर ठेका धरून फिरायला लागले. आमचा ओम, ज्याच्या तोंडून मराठी काढायला मला रोज भांडावं लागायचं, तो ओरडत होता, "ताशा लाऊडर, काका, लाऊडर!" तू वर ब्लेझर घालून बसलेला. त्या दिवशी बेंचवर तुला जागा नव्हती. पण सगळं तूच जमवलं होतंस. मी त्या संध्याकाळसाठी तुझी ऋणी आहे. मला या शहरात इतकी वर्षं झाली, आणि इथे आपलं काहीतरी आहे असं मला फक्त तेव्हा वाटलं.

सेमीफायनल हरलो. तरी पुढच्या वर्षाचे बेत सुरू झाले होते. आणि मग मालकांचा बिल्डिंगचा धंदा बसला, आणि त्यांनी आधी जे कापलं त्यात आपण होतो.

ती मीटिंग मी कधी विसरणार नाही. जुमेरा लेक टॉवर्सची ती काचेची खोली, खाली तळं चमकत होतं. एचआरमधला माणूस सभ्य होता, त्याच्यावर माझा राग नाही. त्यानं सांगितलं क्लब बंद. लीगला कळवलं आहे. सगळ्यांचे व्हिसा रद्द होतील. कंपनी प्रत्येकाला मायदेशाचं तिकीट देईल. मग तो एकेकाला बोलावत गेला. मारेक, ब्रातिस्लावा. कोच, हेलसिंकी. टोरांटो. प्राग. तुझं नाव आलं. तो म्हणाला, "सलीम, मुंबई."

तू म्हणालास, "मुंबई कशाला?"

"होम कंट्री, ब्रदर."

"माझं घर देऱ्यात आहे. इथून मेट्रोनं जातो मी."

त्याला वाटलं तू चेष्टा करतोयस. तो हसला. खोलीतले आणखी एक-दोघं हसले. मारेक नाही हसला. तू उभाच होतास, आणि पुन्हा म्हणालास, या वेळी इंग्रजीत, सावकाश, "सर, आय वॉज बॉर्न हिअर. व्हेअर आर यू सेंडिंग मी?" त्या माणसाचं हसू गेलं. तो कागद सारखे करायला लागला. मग हळू आवाजात म्हणाला, "आय नो, हबीबी. आय नो. बट खलास."

आपण लिफ्टनं खाली उतरलो. मेट्रो स्टेशनपर्यंत मी बरोबर आले. फलाटावर तू फक्त एवढंच विचारलंस, "आता व्हिसावर काय लिहितील, ताई?"

त्यांनी पुन्हा सेल्समन लिहिलं. रिंकच्या कंपनीत तू शिकवण्याच्या कामाला लागलास, पण जागा सेल्सची होती. पोरांना हात धरून बर्फावर फिरवायचं, पडलेल्यांना उचलायचं, वाढदिवसाच्या पार्ट्या सांभाळायच्या. मी सिलिकॉन ओएसिसमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत गेले. टीम अशी निमूटपणे विरून गेली की पुढच्या वर्षी लीगच्या पानावर आपलं नाव नव्हतं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी लीगचं पानच नव्हतं. आपल्या वेबसाइटच्या जागी कसलीशी जाहिरात दिसायला लागली. दुकानात कधी आपली जर्सी विकायला नव्हतीच.

आणि आपलं भांडण सुरू झालं. भांडणच म्हणते, कारण ते मिटलं नाही.

तुला टीम परत उभी करायची होती. दर थोड्या दिवसांनी तुझा फोन, "ताई, एक पार्टी आहे, शारजाची, इंटरेस्टेड आहे. एक प्रेझेंटेशन करून द्याल?" मी करून द्यायचे. एकदा नाही, अनेकदा. आपण दोघं किती ऑफिसांतून बसलो. तू तुझा एकुलता एक सूट घालून यायचास आणि मी स्लाइड्स दाखवायचे. लोक कॉफी पाजायचे, खजूर द्यायचे, "इन्शाल्ला, वुई विल कॉल यू" म्हणायचे. बाहेर आल्यावर तू म्हणायचास, "ह्यांचं होईल असं वाटतंय." तसं काहीच वाटण्यासारखं नसायचं.

शेवटी करामातल्या त्या कॅफेटेरियात मी म्हणाले, आता बास. म्हणाले, सलीम, तुझ्यासाठी ती टीम होती, त्यांच्यासाठी ती जाहिरात होती. जाहिरात संपली. तू चाळिशीला आलास, शबाना आहे, लहानगी इनाया आहे, कोचिंगचं रीतसर सर्टिफिकेट घे, कुठल्या तरी शाळेत लाग. मी जे म्हणाले ते आजही मला चूक वाटत नाही. हे तुला सांगायला हवं. तू गेलास म्हणून मी माझं म्हणणं मागे घेणार नाही, तुला ते आवडलंही नसतं.

तू चहाचा कप फिरवत राहिलास. मग म्हणालास, "तुम्ही नोकरी बदललीत, ताई. मारेकनं देश बदलला. मी काय बदलू?"

मी चहाचे पैसे ठेवले आणि उठले. तुला वाटलं मी रागावले. मी रागावले नव्हते, मला उत्तर येत नव्हतं. नंतर आपण बोलत राहिलो, ईदला शिरखुर्मा आला, दिवाळीला चकल्या गेल्या, पण तो विषय दोघांनीही काढला नाही. मला वाटायचं, कधीतरी निवांत बोलू. तुझ्या बाजूनंही काही शिल्लक असणार. ते काय होतं, सलीम? मी आता कुणाला विचारू?

शुक्रवारी सकाळी लहान मुलांचा वर्ग घेऊन तू बाकावर बसलास, स्केट सोडायला वाकलास, आणि उठला नाहीस. रिंकवर काम करणाऱ्या पोरीनं आधी इनायालाच सांगितलं, कारण इनाया तिथेच बर्फावर होती. दहा वर्षांची पोर. ती स्केट्ससकट रबराच्या मॅटवरून धावत आली म्हणे. ॲम्ब्युलन्स लवकर आली होती. उपयोग नव्हता. छातीत दुखतंय असं तू शबानाला आठवडाभर सांगत होतास, आणि वर सांगत होतास की जुना पकचा मार आहे, थंडीत दुखतो.

आज मी पुन्हा तुझ्या घरी गेले होते. घर शांत होतं. शबाना इद्दतीत आहे, चार महिने दहा दिवस घरातच; पांढरी ओढणी, कानातलं काढलेलं. तिनं मला सांगितलं की इद्दत संपली की ती इनायाला घेऊन भावाकडे जाणार, रत्नागिरीला. तुझ्या नोकरीवर त्यांचा व्हिसा होता. मी म्हटलं, विधवेला इथे काही मुदत मिळते, मी चौकशी करते. ती म्हणाली, "मिळते ओ ताई. पण मुदत घेऊन करू काय?" एवढं बोलून ती आत चहा टाकायला गेली. मी नको म्हणाले तरी गेली.

इनाया खिडकीपाशी बसली होती. तुझ्यासारखंच कपाळ. मी जवळ बसले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आंटी, वॉज बाबाज् टीम रिअल?"

मी म्हटलं, म्हणजे काय गं?

"आय सर्च्ड. देअर इज नथिंग. स्कूलमध्ये मी सांगितलं ना, दे सेड आय मेड इट अप." मग जरा थांबून, "डिड ही मेक इट अप?"

मी तिला तोंडानं काय सांगणार होते? फोन काढला आणि मारेकला व्हिडिओ कॉल लावला. तो आता त्याच्या गावी लाकडाचा ट्रक चालवतो. त्याला मी शुक्रवारीच कळवलं होतं. त्यानं गाडी बाजूला घेतली, टोपी काढली, आणि त्याच्या तुटक इंग्रजीत तिला सगळं सांगितलं. तिचे बाबा कसे लोळून अडवायचे. त्यांनी सगळ्या टीमला मच्छीचं सार कसं खायला घातलं आणि फिनलंडचा कोच कसा घामाघूम झाला. अल्माटीचं सांगितलं. म्हणाला, मी पंधरा वर्षं खेळलो, पण हरल्यावर ज्याच्याबरोबर बसावंसं वाटलं असा तो एकच गोलकीपर. इनाया ऐकत होती. एकदा तर ती हसली, सलीम, खरंच हसली. मला वाटलं झालं, एवढं तरी मी तुझ्यासाठी केलं.

मग तिनं त्याला विचारलं, "देन व्हाय डिडन्ट एनीबडी कीप इट?"

मारेकनं माझ्याकडे बघितलं, म्हणजे पडद्यावर जिथे मी असेन असं त्याला वाटलं तिकडे. त्याच्यामागून एक गाडी गेली. शबाना चहा घेऊन दारात आली होती, तीही थांबली. पोरगी आळीपाळीनं आमच्या तिघांकडे बघत राहिली. आम्ही तिघंही मोठी माणसं होतो.